थळ घाटातील मजूर आणि नुकसानभरपाईचा कायदा

नाशिकहून मुंबईस जाणारा लोहमार्ग इगतपुरीपासून थळ घाटाने कसाऱ्यास उतरतो. ३७ फुटांस १ फूट अशा चढणीचा हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने ठेकेदारांकरवी बांधविला व १८६५ च्या प्रारंभी तो वाहतुकीस खुला झाला. कडे सुरुंगाने फोडणे, बोगदे खणणे, दऱ्यांवर पूल उभारणे ही कामे जिवावरची होती. त्यांत जायबंदी झालेल्या मजुरास त्या काळी कायद्याने काय मिळू शकत होते, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

१८५५ चा प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा अस्तित्वात होता. परंतु त्याखाली मृताच्या वारसांना दिवाणी न्यायालयात दुसऱ्याची चूक अथवा हयगय सिद्ध करावी लागे. परगावाहून आलेल्या मजुराच्या विधवेस हे कितपत शक्य होते, हे सांगावयास नको. त्याच कंपनीच्या बोरघाटातील कामावर १८५९ साली मजुरीवरून दंगल उसळली. तिच्या पाठोपाठ १८६० साली रेल्वे व तत्सम कामांवरील मजुरीचे तंटे त्वरित मिटविण्यासाठी कायदा झाला. त्यात काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेचीही तरतूद होती. म्हणजे थकलेल्या मजुरीची दाद लागू लागली. तुटलेल्या हातापायांची मात्र नाही.

ही उणीव प्रथम स्पष्टपणे मांडली ती कामगारांनीच. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. कामावर गंभीर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी मागणी त्यांच्या अर्जात होती. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटी दिली. ही मागणी तशीच राहिली.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याने मूळ प्रश्नच बदलला. चूक कोणाची, याऐवजी इजा कामामुळे व काम चालू असता झाली काय, एवढेच पाहावयाचे ठरले. शिवाय, धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकडे सोपविले तरी मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही, असे १२ व्या कलमाने सांगितले. थळ घाट बांधला गेला तेव्हा असे कलम नव्हते.

‘नुकसान’ हा मूळचा अरबी शब्द, तर ‘भरपाई’ हा हिशेबाच्या व्यवहारातला. कायद्याची दृष्टीही हिशेबाचीच आहे. तो वेदना मोजीत नाही, कमावण्याची शक्ती किती घटली ते मोजतो. त्याच्या परिशिष्टात पुढे अंगठा गमावल्यास ३० टक्के व पूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के हानी धरण्यात आली.

हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला. तथापि एक अडचण घाटाच्या काळाइतकीच जुनी आहे. सातपूर किंवा अंबड येथील कारखान्यात यंत्रावर बोटे गमावलेल्या ठेकेदाराच्या मजुराचे नाव हजेरीपटावर नसेल, तर आपण तेथे कामास होतो हेच त्याला प्रथम सिद्ध करावे लागते. मालकाची चूक दाखविण्याचे ओझे १९२४ मध्ये उतरले. आपली नोकरी दाखविण्याचे ओझे मजुराच्याच माथी राहिले.