चार आण्यांची वाट

जमीन मोजायची जुनी साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा आणे पडतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. गावनकाशावर तुटक रेषेने पायवाट दाखवतात, तिची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, म्हणजे साखळीचे चार आणे. गाडीवाट आठ आण्यांपासून पुढे, साडेसोळा ते एकवीस फूट. झोपेतून उठवून विचारलं तरी हा हिशेब मी सांगेन, कारण माझी सगळी नोकरी साखळी आणि फीत ओढण्यात गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या कोळसा खाणीत मी चेनमन होतो. सर्व्हेअरसाहेब यंत्राला डोळा लावायचे आणि मी अंधारात पुढे जाऊन दिवा धरायचो. त्यामुळे जमिनीखालचं राजूर मला वरच्या राजूरपेक्षा जास्त ओळखीचं. वरचं राजूर म्हणजे घर, खाण, किराणा दुकान आणि वणीला जाणारा डांबरी रस्ता, एवढंच.

ते २०२० च्या उन्हाळ्यात बदललं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देश बंद. आमच्या जिल्ह्याने धास्ती त्याआधीच घेतली होती, दुबईहून परतलेले काही जण यवतमाळला कोरोनाबाधित निघाले होते म्हणून. खाण बंद नव्हती. वीज केंद्रांना कोळसा लागतोच, त्यामुळे पाळ्या चालू राहिल्या. बंद झालो ते आम्ही निवृत्त लोक. वणीच्या रस्त्याला लागलं की नाक्यावर पोलीस विचारणार, "कुठी चालले काका?" आणि ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. औषधाची चिठ्ठी तरी किती दिवस दाखवणार! मग क्वार्टरांच्या मागून, पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत निघायचं ठरलं. सोबत शेजारच्या लाईनीतले एक निवृत्त लोडर. त्यांचे वडील तेलंगणातून आलेले. त्यांना सगळी लाईन मामा म्हणते. दोघांत चार हातांचं अंतर, तोंडाला गमछा.

पहिली वाट मामांनीच दाखवली. जुन्या चाळीच्या मागून निघून खाणीच्या तोंडाकडे जाणारी, तरोट्याने आणि विलायती बाभळीने गिळलेली. मी म्हटलं, ही कुठली वाट? ते म्हणाले, "माझ्या बापाची." मग कोयत्याने फांदी बाजूला करून त्यांनी जमीन दाखवली. दोन्हीकडे पिवळट माती आणि मधे काळपट पट्टा. खाणीतून वर आलेल्या माणसांच्या पायांनी झडलेला कोळशाचा चुरा मातीत मुरलेला होता. बोटाने उकरलं तर दोन-तीन इंच खोलपर्यंत काळं. किती वर्षांच्या किती पाळ्या त्या इंचांत आहेत, ते मोजायला माझी फीत कामाची नव्हती.

ह्या भागात कोळसा आहे हे इंग्रजांना दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. भूगर्भ खात्याच्या ह्यूज साहेबाने वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर लिहिलेला ग्रंथ १८७७ सालचा. पण खाण आधी सुरू झाली ती नदीपलीकडे, वरोऱ्याला, १८७१ मध्ये. वर्धा नदी म्हणजे तेव्हाची सरहद्द. पलीकडे भोसल्यांचं खालसा झालेलं नागपूर राज्य. अलीकडे वऱ्हाड, म्हणजे निजामाचा मुलूख, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात. आमच्या जिल्ह्याचं नाव त्या काळी वणी जिल्हा होतं, ते १९०५ मध्ये यवतमाळ झालं. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. पुढे माजरीहून एक रेल्वे फाटा नदी ओलांडून वणीकडे आला आणि राजूरला येऊन थांबला. गाडी इथे थांबली म्हणून माणसंही इथे थांबली. तेलंगणातली, छत्तीसगडची, उत्तर प्रदेशातली आणि आसपासच्या खेड्यांतली बिनशेतीची. आमच्या लाईनीत आजही भांडण मराठीत सुरू होतं, हिंदीत वाढतं आणि तेलुगूत मिटतं.

मामांच्या वडिलांच्या काळात कामगार ठेकेदाराचा असे. भोंगा वाजायच्या आधी हजेरीला पोचलं नाही तर पाळी गेली, म्हणून वाट सरळ. नकाशावर पट्टी ठेवून ओढल्यासारखी ती चाळीतून थेट खाणीच्या तोंडाशी जाते, मधे नाला असला तरी वळत नाही. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ मध्ये पहिला वेतन करार आला. हातात पगार आला तशी लाईनीत सायकल आली. सायकलला नाला चालत नाही, तिला रस्ता लागतो. मग मोटरसायकल आली. मामा म्हणतात वाट जंगलाने खाल्ली. माझ्या मते ती वेतन कराराने खाल्ली, आणि बरंच झालं. ज्यांनी ती पायाखाली घातली त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही सायकलच मागितली असती.

ह्या वाटेवर चालताना मला एक खोड लागली. पायाखाली काय आहे ते मी मामांना सांगत राहायचो. इथे गॅलरी, इथे खांब, इथे दुसरी गॅलरी. आमच्या खाणीत कोळशाचे चौकोनी खांब ठेवून मधले रस्ते कोरत जायचे, आणि शेवटी मागे येता येता खांबही काढून घ्यायचे. खांब निघाले की छत बसतं. त्या पडलेल्या पोकळीला आम्ही गोफ म्हणतो. खाली गोफ झाला की वर जमीन खचते, भेगा पडतात, आणि सरळ चाललेली वाट अचानक बशीसारख्या खोलगट जागेत उतरते. एका जागी अशीच भेग होती, हात जाईल एवढी. पावसाळ्यात इथे ढोर फसतं, म्हणून गुराख्यांनी काटे टाकले होते आणि वाट तिथे वळसा घेत होती. वाटेला पडलेलं हे वळण तेवढं नवं, आणि ते खालच्या कामाने पाडलेलं. एरवी माणूस वाट बदलतो झाडामुळे, पाण्यामुळे. आमच्याकडे तो जमिनीखाली झालेल्या कामामुळेही बदलतो.

खाणीत बायाही उतरत असत. पुढे टप्प्याटप्प्याने त्यांना भूमिगत कामातून काढलं. मग महायुद्धात कोळसा कमी पडला, तेव्हा १९४३ मध्ये ती बंदी उठवली. मध्य प्रांतात आधी, बंगाल-बिहारमध्ये मागून. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आमच्या वस्तीत हे फारसं कुणी काढत नाही. पण खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हा आग्रहही त्यांचाच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते स्वतः झरियाकडच्या खाणीत उतरून काम पाहून आले, १९४४ च्या जानेवारीत खाण कामगारांचा कल्याण निधी आला, आणि १९४६ मध्ये बायांवरची बंदी पुन्हा लागू झाली. २०२० चा १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती, आम्ही दारात दिवा लावून काढला. मिरवणूक नाही, डीजे नाही. त्या दिवशी पहाटे चालताना मामांनी मला सांगितलं की त्यांची आजी त्या तीन वर्षांत टोपल्या उचलायला खाली जात असे. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला तेव्हा कळलं.

दुसरी वाट पांढरी. राजूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना कोळसा आठवतो, वणीच्या जुन्या बांधकाम मिस्त्र्याला विचारा, तो चुना म्हणेल. इथे जमिनीत एकीकडे कोळसा आणि दुसरीकडे चुनखडीचा दगड, दोन्ही हाकेच्या अंतरावर. दगड भाजायला इंधन लागतं आणि इंधन दाराशी. भट्ट्या उभ्या राहिल्या त्या ह्याच हिशेबाने. माझी आई भट्टीवर होती. दगड आधी घणाने नारळाएवढा फोडायचा. मग भट्टीत वरून एक थर दगडाचा, एक थर कोळशाच्या बारीक चुरीचा, असं भरत जायचं. खालून आग लावली की ती थराथराने वर चढते. भाजलेला दगड खालच्या तोंडातून ओढून काढायचा. तो हातात हलका लागतो, अर्ध्याच्या जवळपास वजन हवेत गेलेलं असतं. हा कळीचा चुना. पाणी लागलं की तडतडतो, फुगतो आणि पीठ होतो. आईच्या घामाने तो तिच्या बोटांच्या बेचक्यांत फुलायचा. रात्री ती हाताला गोडं तेल लावून बसायची आणि आम्हाला जवळ घ्यायची नाही.

भट्टीच्या वाटेवर अजून पांढरी खडी सापडते. ही वाट खाणीच्या वाटेसारखी सरळ नाही. ती झाडाझाडाने जाते, विहिरीपाशी थांबते, मग पुढे निघते. चालणाऱ्या बहुतेक बाया होत्या, डोक्यावर घमेलं आणि कडेवर पोर. त्यांना भोंगा नव्हता, खेपा होत्या. सावलीला अर्धी घटका टेकलं तर मजुरी जात नसे, फक्त खेप कमी व्हायची. वाट बघून कामाची पद्धत कळते, असं मी आता छातीठोक सांगतो.

रेल्वेच्या वाटेने आम्ही दोनतीनदा गेलो आणि सोडून दिलं. प्रवासी गाड्या बंद होत्या. वणीवरून जाणारी नंदीग्राम एक्स्प्रेसही थांबलेली. रूळ रिकामा वाटायचा. पण कोळशाच्या मालगाड्या कधी बंद नव्हत्या. ८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघून भुसावळला गाडी मिळेल म्हणून ते चालत होते. त्या बातमीनंतर मामा रुळाकडे फिरकले नाहीत. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर तेव्हा डोक्यावर बोचकी घेऊन नदी-नाल्याच्या वाटांनी घरी येत होते. आम्ही हवा खायला चालत होतो आणि ते घर गाठायला. दोन्हींना चालणंच म्हणायचं का, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

गावाच्या बाहेर पडलं की पांदण लागते. आमच्या तालुक्यात बऱ्याच गावांच्या नावामागे अजून 'इजारा' लावतात. वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यावर १८६५ च्या सुमारास पडीत जमिनी लागवडीला आणायला गावंच्या गावं इजाऱ्याने दिली, त्याची ही खूण. इजारदाराने कुणब्यांना आणून बसवलं, जंगल तोडलं, बंड्या चालू लागल्या. कापूस निघाला की बंडी वणीच्या जिनिंगकडे जायची, म्हणून पांदणीचं तोंड तिकडे. मोजणी झाली तेव्हा ह्या वाटा नकाशावर आल्या. रिवाज कुठले, पाण्याचा आणि वाटेचा हक्क कुणाचा, हे लिहायला वाजिब-उल-अर्ज नावाचं दप्तर असतं. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या १६५ कलमात ते आजही आहे. धुऱ्यावरून जायची वाट अडवली तर १४३ कलमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं. कागद भक्कम आहे. जागेवर मात्र दोन्हीकडचे धुरे दर पेरणीला वखराच्या एका पाळीने आत सरकतात. नकाशात आठ आण्यांची असलेली पांदण मी फीत लावून मोजली. एका जागी ती सहा फुटांवर आली होती. तिथे दोन्हीकडे पऱ्हाटीच्या काड्या उभ्या होत्या, आणि मालकांपैकी एक जण आमच्याकडे बघत होता. "मोजून रायले का भाऊ?" मी म्हटलं, सवय आहे. तो हसला, पण मी निघेपर्यंत तिथून हलला नाही.

पूर्वेकडे मात्र फार लांब जाता येत नाही. निलजई, उकणी, मुंगोली ह्या उघड्या खाणी आणि त्यांच्या मातीचे डोंगर. उघड्या खाणीने वाट मोडत नाही, ती वाटेखालची जमीनच उचलून नेते. १९५७ च्या कोळसाक्षेत्र कायद्याने संपादन झालं की गावनकाशाची ती बाजू फक्त कागद उरते. त्या डोंगरांवर आता बाभळीचं रान माजलंय आणि रानात वाघ आहे, म्हणून मामांच्या बायकोने आमची हद्द ठरवून दिली. वर्धेच्या उतारांच्या वाटा तर आमच्या आधीपासून वर्दळीच्या. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती आणि इकडे नव्हती. नदीचा कुठला उतार कंबरभर आणि कुठला गुडघाभर, हे त्या सहा वर्षांत इतक्या जणांनी तपासून ठेवलं की सरकारी मोजणीने मान खाली घालावी.

आणि नवीन रस्ताही जुनं काही उघडं पाडतो. २०२१ मध्ये झरीजामणीकडे शिबला-पारडीला रस्त्याच्या कामात काळ्या दगडाचे षटकोनी खांब निघाले. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लाव्हा थंड होताना बनलेले असल्याचं सांगितलं. मामा फोटो बघून म्हणाले, "हे खांब कोणी काढले नाई, म्हणून छत टिकलं."

त्या पावसाळ्यात, चालणं बंद पडल्यावर, मी जुन्या ट्रेसिंग कापडाचा एक तुकडा काढला आणि वरच्या राजूरचा नकाशा ओढायला बसलो. खाणीची वाट तुटक काळी, भट्टीची तुटक, पांदणीला दुहेरी रेघ. नोकरीभर मी दुसऱ्यांच्या नकाशासाठी दिवा धरला, म्हणून ह्याच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाणही जरा मोठाच काढला. मामांनी चष्मा लावून बघितलं आणि पहिलीच चूक काढली. भट्टीची वाट कडुलिंबाच्या डावीकडून होती, मी उजवीकडून दाखवली आहे, असं त्यांचं म्हणणं. मी आईबरोबर त्याच वाटेने जात होतो, माझं म्हणणं उजवीकडून. कडुलिंब आता नाही. भट्टीवर काम केलेल्या दोघी म्हाताऱ्यांना विचारलं, तर एकीने डावी सांगितली आणि दुसरी म्हणाली, सकाळी जाताना डावी आणि भरलं घमेलं घेऊन येताना उजवी, उतार तिकडे कमी म्हणून. मी दोन्ही काढल्या आहेत, चार-चार आण्यांच्या. मामांना उजवी अजून मान्य नाही.