लक्ष्मीपूजनातला रुपया

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर एक चांदीचा रुपया मांडतात. त्यावर चार मिनारांची वास्तू आहे. लहानपणी आम्ही भावंडे तिला देऊळ समजत असू. धाकटा भाऊ तर हात जोडताना 'चार कळसांचा देव' असे म्हणे. आजी दर दिवाळीला तो रुपया चिंचेच्या कोळाने आणि रांगोळीने घासून लखलखीत करी, पाटावर ठेवी, आणि न चुकता म्हणे, "खोटा असला तरी घरचा आहे!"

हे 'खोटे' प्रकरण आधी सांगितले पाहिजे. पणजोबांनी कधीकाळी शेजारच्या वाड्याला बैलजोडी विकली होती. तिचे रुपये गाडग्यात घालून पुरले गेले आणि १९७२ च्या दुष्काळात आजीने ते उकरून काढले. परगावच्या एका सराफाने ते कसाला लावले आणि म्हणाला, "बाई, इंग्रजी रुपयाइतकी चांदी यात नाही. हिणकस आहेत." आजीने त्याचा अर्थ एवढाच घेतला की, शेजाऱ्यांनी मामंजींना फसवले. एक रुपया मागे ठेवून बाकीचे तिने मिळेल त्या भावाने विकले, आणि त्या दिवाळीपासून दोन वाड्यांमधले फराळाचे ताट बंद झाले. भांडण नाही, तंटा नाही; फक्त ताट बंद.

आजी गेल्यावर रुपया माझ्याकडे आला. इतिहासाच्या तासाला एकदा मी तो वर्गात नेला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तो डोळ्यांजवळ धरला आणि विचारले, "गुरुजी, या दारात काय लिहिलंय?" मधल्या कमानीत खरोखरच एक अक्षर होते. चाळीस वर्षे ज्याला नमस्कार केला, त्याच्या दारात मी कधी डोकावलो नव्हतो! "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

अशी वेळ आम्हा मॅट्रिकवाल्यांवरच येते असे नाही. १९३८ साली इटलीत, पाँपेईच्या राखेखालून, एक वीतभर उंचीची हस्तिदंती बाई निघाली. गळ्यात हार, हातभर कांकणे, पायांत वाळे, आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने ते शहर गाडले, तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. ती रोमन नव्हे, हिंदुस्थानी आहे, हे उघडच दिसत होते. पण कोण, आणि कुठली? उत्खनन करणारे अमेदेओ मायुरी यांनी तिला लक्ष्मी ठरवले, आणि 'पाँपेईची लक्ष्मी' हे नाव जगभर झाले.

आता गंमत पाहा. इकडे मराठवाड्यात, तेर या गावी, रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक गृहस्थ होते. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेली पेठ. अशा गावाच्या पांढरीवर पाऊस पडला की माती धुऊन जाते आणि मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येतात. इतरांच्या दृष्टीने ती खापरे; लामतुऱ्यांनी ती आयुष्यभर गोळा केली. त्यांच्या संग्रहात तशीच एक हस्तिदंती बाई होती. दूरदूरचे पंडित तेरला येऊन ती पाहून गेले. पुढे १९७३ मध्ये जालन्याकडे भोकरदनला उत्खनन झाले, तिथेही तिची एक बहीण सापडली. या तिघी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर पाँपेईची बाई मथुरेकडची असावी हा जुना तर्क डळमळला आणि अनेक अभ्यासकांनी भोकरदनकडे बोट दाखवले. शिवाय हिच्याजवळ लक्ष्मीची म्हणावी अशी खूणच नाही. ही यक्षी असावी, किंवा नटलेली कोणी स्त्री, असे आज बहुतेक मानतात. इटलीतल्या एका कोड्याचा धागा एका खेडेगावच्या छंदिष्टाच्या फडताळात निघाला. लामतुऱ्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय आज तेरला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन अवश्य जावे.

तेव्हा मीही छंदिष्टच शोधायचे ठरवले. प्रथम उर्दू शाळेतल्या स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी भोवतालची अक्षरे सरळ वाचली : 'निझाम-उल-मुल्क आसफजाह बहादुर'. साल हिजरी १३२६. पण दारातले अक्षर कोणते, आणि ते एकटे तिथे का, हे त्यांनाही सांगता येईना. आजीच्या चिंचेने ते पार झिजले होते. मग नाणी जमवणाऱ्या मंडळींकडे फोनवरून छायाचित्र धाडले आणि विचारले, "हे काय आहे?"

उत्तराऐवजी प्रश्नच आले. वजन किती? व्यास किती? मागची बाजू कुठे आहे? घासले कुणी? या शेवटच्या प्रश्नात जरा राग होता. जुने नाणे घासणे म्हणजे पोथीची पाने धुण्यासारखे, असे नांदेडच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मला सुनावले. मी निमूटपणे सोनाराच्या काट्यावर वजन करून आणले : अकरा ग्रॅमच्या किंचित वर.

मग मंडळी आपसातच भांडू लागली. चारमिनारी रुपयाच्या दारात दोन अक्षरे आढळतात : 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. एकाला झिजलेल्या अक्षरात मीम दिसे, दुसऱ्याला ऐन. निकाल पोस्टमास्तरांनी लावला. हिजरी १३२६ म्हणजे इसवी सन १९०८, हैदराबादेत मुसी नदीचा महापूर आला ते वर्ष. उस्मान अली गादीवर आले १९११ मध्ये. म्हणजे दारात मीमच. वर बारीक ९२ चा आकडा आहे, तो 'मुहम्मद' या नावातल्या अक्षरांच्या किमतींची बेरीज : चाळीस, आठ, चाळीस आणि चार.

जाता जाता मी आजीच्या सराफाचे बोलणे त्यांना सांगितले. त्यांनी उलट टपाली हिशेबच मांडला. इंग्रजी 'कलदार' रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. निझामाचा 'हाली' रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात हजारांत ८१८ भाग. म्हणजे शुद्ध चांदी कलदारात साधारण १०.७ ग्रॅम, हालीत ९.१. आणि सरकारी दर काय होता? शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. म्हणजे सहा कलदारांना सात हाली. चांदीचे गुणोत्तर आणि हा दर जवळजवळ तंतोतंत जुळतात. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात कलदार चाले, अलीकडे आमच्याकडे हाली. पणजोबांच्या पिढीतल्या प्रत्येक गुराख्याला हे पाठ असणार! पण १९४८ नंतर निझामाचे राज्य गेले, १९५९ मध्ये हाली चलनातून कायमचा बाद झाला, आणि आजी सराफापुढे उभी राहिली तेव्हा तो हिशेब तिला सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. सराफ खोटे बोलला नव्हता. रुपयाही खोटा नव्हता, आणि शेजारीही.

गेल्या दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या दिवशी सकाळी, मी फराळाचे ताट घेऊन पलीकडच्या वाड्यात गेलो. खिशात रुपया होता. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांना कमी दिसते. मी सगळे सांगितले, वजनासकट. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्यात म्हणायचे की, तुमच्या घरचा बैल पहिल्याच पेरणीत बसला. आम्हीच फसलो!"

बैलाचा निकाल लावणारा छंदिष्ट कुठून आणावा, मला कळेना. काकू उठल्या, देव्हाऱ्याखालची डबी काढली आणि तिच्यातला रुपया माझ्या तळहातावर ठेवला. तो कधीच कुणी घासला नव्हता, काळाभोर होता. मी तो उजेडाला धरला. चार मिनार, मधली कमान, आणि दारात स्पष्ट, टवटवीत 'ऐन'.