‘लाव्र’ : यात्रा, प्रायश्चित्त आणि जगाच्या अंताचे भय

येव्गेनी वोदोलाझ्किन हे प्राचीन रशियन साहित्याचे अभ्यासक. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाव्र’ला त्यांनी ‘अनैतिहासिक कादंबरी’ म्हटले असले, तरी तिचा पाया ऐतिहासिक आहे. रशियन चर्चच्या कालगणनेनुसार सृष्टीचे ७००० वे वर्ष १४९२ मध्ये संपत होते. ईस्टरची कोष्टकेही तेथवरच मांडलेली होती आणि त्यानंतर जगाचा अंत होईल, अशी धारणा प्रबळ होती.

या भयाच्या छायेत वैद्य आर्सेनी जगतो. लोकांपासून लपवून ठेवलेली त्याची सहचरी उस्तिना सुईणीअभावी प्रसूतीत मरण पावते. त्या अपराधाचे ओझे घेऊन तो पुढे जेरुसलेमच्या यात्रेस निघतो. सहप्रवासी इटालियन अम्ब्रोजो याला मात्र जगाच्या अंताची तिथी निश्चित करावयाची असते. तो वाटेतच मारला जातो; आर्सेनी मायदेशी परततो. १४९२ उलटते, जग संपत नाही.

वृद्धापकाळी एक निराधार गर्भवती आर्सेनीच्या आश्रयास येते. तिच्या मुलाचे पितृत्व तो निमूटपणे स्वतःवर घेतो आणि प्रसूती सुखरूप पार पाडून देह ठेवतो. जगाच्या अंताची तिथी चुकली. व्यक्तीचे ऋण मात्र चुकले नाही. यात्रेने न दिलेले उत्तर त्याला स्वतःच्या भूमीत मिळाले, हेच या कादंबरीचे सार होय.