उघडी विद्या, वांटलेला अधिकार

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें, म्हणजे भोसरीपासून दोहों बाजूंस कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. त्या मोशीजवळ इंद्रायणी ओलांडून चाकणला पोहोंचेपर्यंत फारशा सुटत नाहींत. मोटारींच्या ह्या गांवांत एक जुना भुईकोट किल्ला आहे, हें तेथें नित्य कामास जाणाऱ्या पुष्कळांस ठाऊकही नसतें. संग्रामदुर्ग हें त्याचें नांव. १६६० सालीं शाएस्तेखानानें त्यास वेढा घातला, तेव्हां फिरंगोजी नरसाळा ह्यानें तो सुमारें दोन महिने लढविला. अखेर सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हांच मोगलांस आंत वाट मिळाली. आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांस लिनक्स शिकवितांना आम्ही आरंभ ह्या किल्ल्यापासून करतों. विद्यार्थी प्रथम हंसतात. वाचकांसही हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटण्याचा संभव आहे. परंतु तो तसा नाहीं असें आमचें मत आहे, आणि तें कां, हेंच येथें सांगावयाचें आहे.

लिनक्स ही संगणकाची एक कार्यप्रणाली. यंत्राची स्मृति कोणत्या कामास किती द्यावी, कोणतें दप्तर कोणास दाखवावें, कोणाचें काम आधीं घ्यावें व कोणाचें मागून, हा सर्व कारभार कार्यप्रणाली पाहते. तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. बहुतेकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोनांत हाच गाभा आहे. २००७ सालीं पुण्यांत टाटांच्या संस्थेनें उभारलेला ‘एका’ हा महासंगणक जगांतील ५०० वेगवान संगणकांच्या यादींत चौथा आला, तोही लिनक्सवरच चालत असे. आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून तर त्या यादींतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालत आलें आहे. इतकी सत्ता जिच्या हातीं आहे, ती प्रणाली कोणा एकाच्या मालकीची नाहीं. हें कसें घडलें?

लिनक्सचा वंश पाहूं गेल्यास तो अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं जन्मलेल्या युनिक्सपर्यंत जातो. केन टॉम्सन व डेनिस रिची हे तिचे जनक. त्या प्रयोगशाळेची मालक जी टेलिफोन कंपनी, तिला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळें संगणकाच्या धंद्यांत पडण्याची मुभा नव्हती. म्हणून युनिक्स विश्वविद्यालयांस नाममात्र किंमतीस मिळे, आणि मूळ संहितेसह मिळे. संहिता म्हणजे कार्यक्रमाचा माणसास वाचतां येईल असा लेख. ती हातीं असली म्हणजे यंत्र असें कां वागतें हें विद्यार्थ्यास स्वतः पाहतां येतें. नसली तर यंत्र केवळ चालवितां येतें. ऑस्ट्रेलियांतील जॉन लायन्स ह्या अध्यापकानें १९७६ सालीं त्या संहितेवर भाष्य लिहिलें. पुढें कंपनीनें संहिता वर्गांत शिकविण्यास बंदी केली, तेव्हां हें भाष्य छायाप्रतींच्या रूपानें हातोहात फिरूं लागलें; आपल्याकडे पोथ्या उतरून घेत असत, तसेंच. तें उघडपणें छापलें गेलें १९९६ सालीं. म्हणजे सुमारें वीस वर्षें एक क्रमिक पुस्तक लोकांनीं चोरून वाचलें!

१९८४ पासून कंपनीस धंद्याची मोकळीक मिळाली, आणि युनिक्सचें दार लागूं लागलें. त्याच सुमारास, १९८३ सालीं, रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं सर्वांस वाचतां, बदलतां व वांटतां येईल अशी स्वतंत्र प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. तिचें नांव ग्नू. १९८९ सालीं त्यांनीं तिच्यासाठीं एक परवाना सिद्ध केला. त्याचें मर्म असें कीं, ही संहिता घ्या, सुधारा, वाटल्यास विका. पण ज्यास द्याल, त्यास तुम्हांला मिळालेले अधिकारही जसेच्या तसे द्या. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें एक गाभा लिहिला, व पुढल्याच वर्षीं त्यास हा परवाना लावला. ग्नूचीं हत्यारें आणि लिनसचा गाभा ह्यांच्या मिलाफानें आजची प्रणाली उभी राहिली.

विद्या उघडी ठेवल्यानें काय होतें, हें पाहण्यास पिंपरीकरांनीं हेलसिंकीस जाण्याचें कारण नाहीं. पिंपरीच्या आरंभींच्या मोठ्या कारखान्यांपैकीं एक, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स, १९५४ सालीं निघाला तो जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्यानें. ज्या पेनिसिलिनसाठीं तो काढला, त्या औषधावर ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं मालकीचा हक्क घेतला नव्हता. तें तयार करण्याच्या कांहीं रीतींचे हक्क मात्र अमेरिकेंत घेतले गेले. एकाच औषधाच्या कथेंत दोन्ही वृत्ति अशा शेजारीं शेजारीं दिसतात. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्रास त्यांतील कोणती उपकारक होती, हें सांगावयास नको.

तथापि उघडी विद्या म्हणजे उघडी वेस नव्हे. किल्ल्याचें स्मरण होतें तें येथेंच. कृष्णाजी अनंत सभासद ह्यानें आपल्या बखरींत शिवछत्रपतींच्या गडकोटांची व्यवस्था वर्णिली आहे. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तिघे अधिकारी सारख्या दर्जाचे असत, आणि तिघांनीं मिळून कारभार करावा असा नियम होता. एकाच्या मनांत फितूर शिरला, तरी तेवढ्यानें गड शत्रूच्या स्वाधीन होऊं नये, हा त्यांतील हेतु. लिनक्सची रचना हीच काळजी घेते. यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाचें स्वतंत्र खातें असतें. प्रत्येक फायलीस एक धनी असतो, एक गट असतो, आणि उरलेले सर्व ते इतरेजन. ह्या तिघांस वाचणें, लिहिणें व चालविणें अशा तीन परवानग्या निरनिराळ्या देतां येतात, अथवा नाकारतां येतात. तीन त्रिक नऊ. ह्या नऊ खुणांवर बरीचशी तटबंदी उभी आहे. सर्वांवर ‘रूट’ नांवाचा एक सर्वाधिकारी असतो. त्यास बहुधा कांहींच अशक्य नाहीं, आणि म्हणूनच शहाणा कारभारी त्या नांवानें आंत शिरत नाहीं. तो आपल्या साध्या नांवानें वावरतो, व जरूर पडेल तेव्हां ‘सुडो’ ह्या आज्ञेनें एका कामापुरता तो अधिकार मागून घेतो. कोणी, केव्हां व कशासाठीं मागितला, ह्याची नोंद होते.

ह्या प्रणालीचें दुसरें तत्त्व भोसरीच्या लहान कारखानदारास समजावून सांगावें लागत नाहीं. तेथें एक जण लेथवर नुसत्या पिना कातून देतो, दुसरा त्यांस प्लेटिंग करतो, तिसरा आणखी एखादा भाग घडवितो, आणि मोठ्या कारखान्यांत ह्या सर्वांची मोटार होते. युनिक्सच्या कर्त्यांचा आग्रह असाच होता: एका कार्यक्रमानें एकच काम करावें, पण चोख करावें, आणि त्याचें फलित दुसऱ्याच्या हातीं द्यावें. डग मॅक्इलरॉय ह्यांच्या आग्रहावरून १९७३ सालीं ही जोडणी ‘पाईप’ ह्या नांवानें प्रणालींत आली. यंत्राची व्यवस्था साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते, आणि दिवसभराची हकीकत नोंदवह्यांत उतरत असते. कारभाऱ्याचें निम्में काम ह्या नोंदी वाचण्याचें. उरलेलें निम्में, प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवण्याचें.

हें सर्व आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. कळलें मात्र ठेंच लागल्यावर. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या प्रयोगशाळेंत सोयीसाठीं म्हणून सर्व विद्यार्थ्यांस रूटचा एकच परवलीचा शब्द दिलेला होता. एके सायंकाळीं एका मुलानें आपलें जुनें काम पुसून टाकण्याची आज्ञा दिली. आपण स्वतःच्या कप्प्यांत आहोंत असें त्यास वाटत होतें, आणि होता तो वर्गाच्या सामाईक कप्प्यांत. यंत्रानें अडविलें नाहीं, कारण रूटला तें अडवीत नाहीं. शेवटच्या वर्षाच्या दोन तुकड्यांचे प्रकल्प गेले. दुसरी प्रत नव्हती. तो मुलगा आमच्या दाराशीं रडत उभा राहिला, तेव्हां त्यास दोष देण्यास आमची जीभ वळली नाहीं. किल्ली त्याच्या हातीं आम्हींच दिली होती.

हीच चूक जगाच्या मापानें होऊं घातली होती. फायली आवळून लहान करणारें ‘एक्सझेड’ नांवाचें एक हत्यार बहुतेक लिनक्स यंत्रांत असतें. त्याची देखभाल कित्येक वर्षें मुख्यतः एकच मनुष्य विनामोबदला करीत होता, व तो थकला होता. त्याच्या मदतीस टोपण नांवाचा कोणी इसम आला. दोन वर्षें चोख काम करून त्यानें विश्वास संपादन केला, किल्ल्या मिळविल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत आंत एक चोरदरवाजा ठेविला. तो सर्वत्र पसरण्यापूर्वींच, मार्चच्या अखेरीस, आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याच्या ध्यानांत आलें कीं, यंत्रांत शिरतांना सुमारें अर्धा सेकंद उगाच जास्त लागत आहे. एवढ्याशा विलंबाचा माग काढीत तो त्या दरवाज्यापर्यंत जाऊन पोहोंचला.

ह्या प्रसंगाचे दोन अर्थ काढले जातात, आणि आमच्या मतें दोन्ही खरे आहेत. संहिता उघडी होती, म्हणून त्या हत्याराशीं कांहीं देणें-घेणें नसलेल्या एका माणसास माग काढतां आला. कुलूपबंद प्रणालींत त्यास दारावरूनच परतावें लागलें असतें. परंतु ती उघडी असूनही तिच्याकडे पाहत बसणारें कोणी नव्हतें. गडावर हवालदार तेवढा होता. सबनीस व सरनोबत नव्हते. वाचण्याचा अधिकार सर्वांस दिला, म्हणजे कोणीतरी वाचीत असेलच, ही समजूत खोटी. फुकट मिळालेली वस्तु वापरणारे कोट्यवधि आहेत, आणि तिच्या तटावर पहारा करणारे थोडे. आमच्या ह्या पट्ट्यांतून दरवर्षीं इतकीं मुलें संगणकाची विद्या घेऊन बाहेर पडतात; त्यांतील थोडींजरी पहाऱ्यावर उभीं राहिलीं, तरी घेतलेल्या विद्येचें कांहीं ऋण फिटेल.

आमच्या प्रयोगशाळेंत त्या सायंकाळपासून प्रत्येकाचें खातें निराळें आहे. रूटचा शब्द पाकिटांत बंद असतो, आणि तें तिघांच्या सहीवांचून उघडत नाहीं. दर शनिवारीं तीन विद्यार्थी आठवड्याच्या नोंदी वाचतात, व ठेवलेली प्रत खरोखर परत उतरवितां येते कीं नाहीं, हें करून पाहतात. वर्गानें त्या तिघांस हवालदार, सबनीस व सरनोबत अशीं नांवें ठेविलीं आहेत. आम्हीं हरकत घेतलेली नाहीं.