उलटलेली कॉलर

आमच्या लहानपणी शर्टाची कॉलर विरली, की वडील शिंप्याकडून ती उलटून घेत. शर्ट पुन्हा दोन वर्षं ऑफिसात मिरवे. मग त्याची पिशवी होई, पिशवीचं फडकं होई. अशा घरात वाढलेल्या माणसानं एक जुना लेख जरासा उलटून दिवाळी अंकाला धाडायचं ठरवलं, तर बिघडलं काय?

पण आमची ही म्हणाली, "अहो, हा तर चार वर्षांपूर्वीचाच लेख! फक्त मामांच्या जागी आत्या घातलीत."

मी भयंकर संतापलो. कारण ते खरं होतं. आणि घरात हरलेला माणूस नेहमी इतिहासात शिरतो.

"तुला 'संशयकल्लोळ' आवडतं ना? ते मूळचं कुणाचं?"

"देवलांचं."

"चूक!" मी मांडी ठोकून बसलो. "१६६० साली पॅरिसला मोलिएरनं 'स्गानारेल' हे प्रहसन केलं. एक मुलगी चक्कर येऊन पडते, तिच्याजवळची प्रियकराची तसबीर भलत्याच बाईच्या हाती लागते, आणि सगळे एकमेकांवर संशय घेत सुटतात. १७६१ साली लंडनला आर्थर मर्फीनं त्याचं पाच अंकी 'ऑल इन द राँग' केलं. त्यावरून १८९३ साली देवलांनी गद्य 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं. आणि १९१६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, स्वतःच्याच त्या नाटकात पदं घालून त्यांनी 'संशयकल्लोळ' केलं! म्हणजे कॉलर तीनदा उलटली. तिथं तू टाळ्या वाजवतेस!"

ही शांतपणे भाजी निवडत होती.

"मोलिएरची ती मुलगी कोण होती हो?"

"चांगल्या घरची. बापानं तिचं लग्न दुसरीकडे ठरवलेलं."

"आणि आपली रेवती?"

"नायकिणीची मुलगी."

"मग! इतरांच्या बाबतीत संशय ही नुसती गंमत. रेवतीचं तसं नाही. नायकिणीच्या मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवणार कोण? अश्विनशेठ संशय घेतो तेव्हा हसताहसता पोटात कालवतं. तसबीर परक्याची असेल, पण हे दुखणं आपल्याकडचं आहे. देवलांनी कॉलर उलटली आणि शर्ट नवा केला. तुम्ही मामांची आत्या केलीत, अन् आत्या मामांसारखीच तपकीर ओढतेय!"

यावर इतिहासात उत्तर नव्हतं.

रात्री मी लेख पुन्हा पुढ्यात घेतला. आत्या तपकीर ओढत नसे. मग ती काय करत असे? आठवू लागलो. दुपारी ओटीवर बसून ती घरभरच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवी. त्यातली एक अजून माझ्या पांघरुणात आहे. उठून दिव्याखाली धरली. एका कोपऱ्यात वडिलांच्या शर्टाचा निळ्या रेघांचा तुकडा होता.

मग मामांना रजा दिली आणि पहिल्या ओळीपासून लिहायला बसलो.