चूलपट्टी ते धूरबंदी : ब्रिटिश घरातल्या कोळशाचा हिशेब

थंड देशातल्या एका घराला हिवाळ्यात किती कोळसा लागतो, हा प्रश्न वरवर पाहता गृहिणीच्या जमाखर्चाचा. ब्रिटनमध्ये मात्र जवळजवळ तीनशे वर्षे तो राजाच्या तिजोरीचा, व्यापाऱ्याच्या नफ्याचा, युद्धकाळातल्या मंत्रालयाचा आणि शेवटी सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न होता. ज्याने त्याने तो आपल्या सोयीने मोजला. कोणी चुली मोजल्या, कोणी मापे, कोणी पोती. धुराड्यातून बाहेर काय पडते, हे मोजण्याची पाळी मात्र सर्वांत शेवटी आली. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये जळाऊ लाकूड महागले आणि न्यूकॅसलहून जहाजांनी येणारा दगडी कोळसा घराघरांत शिरला. समुद्रमार्गे येणारा म्हणून त्याला ‘सी-कोल’ म्हणत. लाकडापेक्षा त्याचा धूर उग्र, म्हणून विटांची धुराडी आली. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन याने ‘फ्युमिफ्युजियम’ ही पुस्तिका लिहून लंडनच्या धुराची तक्रार थेट राजा दुसरा चार्ल्स याच्यापुढे मांडली. पण त्याचा रोख होता दारू गाळणारे, रंगारी, चुन्याच्या भट्टीवाले आणि साबण करणारे यांच्यावर. घरच्या चुलीला त्याने दोषातून जवळजवळ मोकळे सोडले. ही सवलत पुढे फार काळ टिकली.

एव्हलिनच्या पुस्तिकेनंतर वर्षभरातच, १६६२ मध्ये, राजसत्तेने घरची चूल मोजायला सुरुवात केली. कारण धुराचे नव्हते, पैशाचे होते. आपल्याकडे घरपट्टी असते तशी ही चूलपट्टी : दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. ज्याच्या घरात चुली जास्त तो श्रीमंत, असा साधा हिशेब. अगदी गरिबांना सूट होती. लोकांनी चुली बुजवून टाकायला सुरुवात केली, तेव्हा १६६४ मध्ये बुजवलेल्या चुलींवरही कर बसला. चुली मोजायच्या म्हणजे वसूलदाराला घरात शिरावे लागे, खोली-खोलीत डोकवावे लागे. या ‘चिमणीवाल्यां’विषयी इतका संताप साठला, की १६८९ मध्ये विल्यम आणि मेरी गादीवर येताच हा कर रद्द झाला. परक्या माणसांना वाटेल तेव्हा प्रत्येकाच्या घरात शिरून झडती घेता येते, ही साऱ्या जनतेच्या गुलामगिरीची खूण आहे, अशा आशयाचे कारण खुद्द कायद्यातच दिले गेले. इंग्रजांच्या घरातली चूल ही खाजगी बाब आहे, तिच्याकडे सरकारने पाहू नये, ही समजूत या अनुभवातून पक्की झाली. पुढच्या कथेत ती पुन्हा पुन्हा आडवी येते.

घरात शिरता येत नसेल तर बंदरावर मोजता येते. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हा बांधण्यासाठी शहरात उतरणाऱ्या कोळशावर जकात बसली. आजचे सेंट पॉल कॅथीड्रल बव्हंशी याच पैशातून उभे राहिले. जकात ‘चाल्ड्रन’ या मापावर होती. लंडनचा एक चाल्ड्रन म्हणजे ३६ बुशेल, म्हणजे वजनात साधारण तेराशे किलो. न्यूकॅसलचा चाल्ड्रन याच्या दुपटीहून मोठा. त्यातून हे वजन नव्हते, आकारमान होते, आणि घोटाळ्याचे मूळ इथेच होते.

चार्ल्स हटन या गणितज्ञाने तो घोटाळा आकड्यांत मांडला. एक घनयार्डाचा अखंड कोळसा मापला तर सुमारे ५ बोल भरतो. मध्यम आकाराचे तुकडे केले तर तोच साडेसात बोल, आणि बारीक फोडला तर ९ बोल. कोळसा तेवढाच, पण मधली मोकळी जागा वाढते. म्हणजे खाण ते घर या वाटेवर जो कोणी कोळसा फोडेल, त्याला मापात नफा. उलट बंदरावर मापाने जकात भरणाऱ्याच्या दृष्टीने ढेकळे मोठीच हवीत. ती उतरवून घ्यायची आणि मग फोडून विकायची. गिऱ्हाईक माप भरून घेई आणि हवा विकत घेई. अखेर १८३१ मध्ये लंडनमध्ये आणि १८३५ मध्ये देशभर कोळसा वजनानेच विकण्याचा कायदा झाला. १८८९ च्या कायद्याने दोन हंड्रेडवेटहून जास्त कोळशाबरोबर वजनाची चिठ्ठी देणे वखारवाल्यावर बंधनकारक झाले. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, सुमारे ५१ किलो, म्हणजेच हमालाच्या पाठीवरचे एक पोते. आता घराच्या तळघरात किती पोती उतरली, हे निदान चिठ्ठीवरून कळू लागले. पण तळघर होते त्यांनाच. एका खोलीत राहणारा मजूर पोतेभर कोळसा ठेवणार कुठे? तो काही पौंडच आणी आणि श्रीमंतापेक्षा चढा भाव देई.

१८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने ‘द कोल क्वेश्चन’ लिहून देशाचा कोळसा किती पुरेल, असा प्रश्न विचारला आणि राष्ट्रीय हिशेबाची गरज वाटू लागली. घरगुती वापरासाठी माणशी वर्षाला एक टन हा ढोबळ अंदाज रूढ होता. पण या टनातली ऊब किती आणि वाया किती? उघड्या शेगडीत बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशात जाते, हे रमफर्ड याने अठराव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून धुराड्याचा घसा अरुंद करायला सांगितले होते. तरीही उघडा जाळ हेच इंग्रजी घराचे सुख राहिले. बंद लोखंडी शेगडी परकी वाटे.

घराच्या कोळशाचा खरा आकडा सरकारला हवासा झाला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज याने इंधनाच्या रेशनिंगची योजना तयार केली. साखरेचे रेशन सोपे, कारण साखर माणशी देता येते. कोळशाचे तसे नाही. एका खोलीत एक माणूस बसला काय किंवा चार बसले काय, जाळ तेवढाच. त्यातून उत्तरेची थंडी वेगळी, दक्षिणेची वेगळी. म्हणून बेव्हरिजने खोल्या, माणसे आणि प्रदेश या तिन्हींचा मेळ घातला, आणि कोळसा, गॅस, वीज सारे एकाच एककात बसवले. योजना तर्काला धरून होती, पण सत्ताधारी आघाडीतल्याच हुजूरपक्षाच्या खासदारांनी कडाडून विरोध केला आणि ती बासनात गेली. तिच्या जागी आले आवाहन. प्रत्येक कुटुंबाने खोल्या आणि माणसे मोजून आपले ‘इंधन-लक्ष्य’ ठरवावे आणि आपला खर्च आपणच तपासावा. चूलपट्टीच्या वेळी वसूलदार दारात येत असे. आता गृहिणीच स्वतःची वसूलदार झाली.

प्रत्यक्ष नियंत्रण वखारीवर होते. प्रत्येक घराने एका कोळसेवाल्याकडे नाव नोंदवायचे आणि त्याने ठरलेल्या मर्यादेपलीकडे द्यायचे नाही. युद्धोत्तर वर्षांत ही मर्यादा वर्षाला दक्षिणेत ३४ आणि उत्तरेत ५० हंड्रेडवेट होती, म्हणजे साधारण १७०० आणि २५०० किलो. ही कमाल मर्यादा होती, हमी नव्हे. १ जानेवारी १९४७ ला खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि त्याच महिन्याअखेरीस भयंकर हिमवर्षाव सुरू झाला. कोळशाच्या वाघिणी बर्फात अडकल्या. फेब्रुवारीत इंग्लंडच्या मोठ्या भागात कारखान्यांची वीज तोडली गेली, घरांचीही दिवसातून पाच तास बंद राहू लागली. लोक बाबागाड्या घेऊन गॅसकारखान्यांपुढे कोकसाठी रांगा लावत होते. कागदावर ३४ हंड्रेडवेट आणि कोळशाच्या बादलीत तळाची भुकटी, अशी अनेक घरांची अवस्था होती.

पाच वर्षांनी, १ डिसेंबर १९५२ ला, सरकारने ‘नटी स्लॅक’ नावाचा बारीक, हलका, भुकटीमिश्रित कोळसा रेशनमुक्त केला. चांगला कोळसा परदेशी चलनासाठी निर्यात होत होता. घरच्यांना निदान हा तरी हवा तेवढा मिळावा, असा हेतू. त्याच आठवड्यात लंडनवर थंड, निश्चल हवा येऊन बसली. ५ ते ९ डिसेंबर या पाच दिवसांत धूर आणि धुके एक होऊन स्वतःचे पाऊलही दिसेना. मृत्युनोंदीवरून सरकारी अंदाज निघाला सुमारे ४,००० जादा मृत्यूंचा. २००१ मध्ये झालेल्या फेरतपासणीत, पुढच्या महिन्यांतले मृत्यू धरून, हा आकडा सुमारे १२,००० पर्यंत गेला. मेलेल्यांत वृद्ध आणि श्वासाचे रोगी अधिक. नेमके तेच, ज्यांना खोली उबदार ठेवणे सर्वांत गरजेचे होते.

यानंतर सर ह्यू बीव्हर यांच्या समितीने १९५४ मध्ये जो हिशेब मांडला, त्याने एव्हलिनपासून चालत आलेली सवलत संपवली. देशात जळणाऱ्या कोळशातला घरांचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. पण धुरातला वाटा जवळजवळ निम्मा. कारखान्याची भट्टी तापलेली असते, तिथे धूरही बऱ्याच अंशी जळून जातो. घरची शेगडी मंद, अर्धवट जळणारी, आणि तिचे धुराडे बुटके. तिचा धूर शेजाऱ्याच्या नाकाच्या उंचीवरच राहतो. धूळ आणि काजळी मोजण्याची यंत्रे पहिल्या महायुद्धापूर्वीपासून लावली जात होती, तेव्हा हे अगदी अज्ञात होते असे नाही. पण टनांचा तक्ता पाहणाऱ्याला घर लहान दिसे आणि कारखाना मोठा. कोळशाऐवजी धूर मोजताच तक्ता उलटा झाला.

१९५६ च्या ‘क्लीन एअर अॅक्ट’ने नगरपालिकांना धूरमुक्त प्रभाग जाहीर करण्याचा अधिकार दिला. चूलपट्टीच्या काळात सरकार चुलीसाठी पैसे घेत होते. आता चूल बदलण्याच्या खर्चापैकी ७० टक्के ते देऊ लागले. कायदा लोकांनी स्वीकारला याचे एक मोठे कारण हेच असावे. १९५८ मध्ये कोळशाचे रेशनिंग उठले. पुढे नैसर्गिक वायू आला आणि १ मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये घरात जाळण्यासाठी पारंपरिक कोळसा विकणेच बंद झाले.

कोळसा उगाळावा तितका काळाच, असे आपण म्हणतो. त्याचा हिशेबही उगाळावा तितका गुंतागुंतीचा निघतो. चुली, चाल्ड्रन, पोती, एकके यांपैकी कोणतेही माप निव्वळ खोटे नव्हते. ज्याच्या हाती माप होते, त्याच्या प्रश्नाचे उत्तर ते देत होते. चूल विझल्यावर गारठणारी म्हातारी आणि तिच्याच चुलीच्या धुराने गुदमरणारा शेजारी यांचा प्रश्न वेगळा होता. तो विचारला जाईपर्यंत, वसूलदार पहिल्यांदा चुली मोजायला आला त्याला जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती.