समुद्र नसलेल्या गावचा समुद्राभ्यास

पंचगंगेच्या काठी वाढलेल्या आपल्या मंडळींना समुद्र म्हणजे आंबा घाट उतरून जाऊन सुटीत दोन दिवस पाहावयाची वस्तू. अशा घरातील मुलाने अथवा मुलीने पदवीनंतर सागरी जीवांवर प्रबंध लिहिण्याचा मनोदय सांगितला, की वडीलधारी मंडळी विचारतात, "ह्यात पुढे काय आहे?" हा प्रश्न आम्ही अनाठायी मानीत नाही, परंतु उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणे इष्ट होय.

१९४० साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील एका नव्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. जेमतेम दोन सेंटिमीटरांचा, जवळजवळ पारदर्शक असा हा खाडीतील जीव. डॉ. सुंदरलाल होरा व डॉ. सेटना ह्या मत्स्यशास्त्रज्ञांच्या नावांवरून त्याचे 'होराइक्थिस सेटनाय' असे नामकरण झाले. ह्या माशाच्या मादीची अंडी तिच्या शरीरातच फलित होतात, आणि तरीही ती पिले न देता अंडीच घालते. नखाएवढ्या जीवाची एवढी जीवनकथा कळावयास केवढी चिकाटी लागली असेल!

१९५८ साली रत्नागिरीस सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र निघाले. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या क्षेत्रात रत्नागिरी जिल्हाही होता. म्हणजे आरंभी आपल्या विद्यापीठास स्वतःचा किनारा होता. पुढे तो प्रदेश मुंबई विद्यापीठाकडे गेला. पण किनारा आपला नसला म्हणून विद्या अडत नाही, हे मराठवाड्याने दाखवून दिले. समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या मराठवाडा विद्यापीठातील डॉ. आर. नागभूषणम् व डॉ. यू. एच. माने ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात रत्नागिरीजवळील काळबादेवीच्या खाडीतील एका शिंपल्याची वाढ व प्रजनन ह्यांचा अभ्यास करून निबंध प्रसिद्ध केले.

असा प्रबंध बुद्धीइतकाच वेळेवर उभा राहतो. दर महिन्यास ठरलेल्या जागी जाऊन नमुने गोळा करावयाचे, पाण्याची उष्णता व क्षारता मोजावयाची, शिंपल्यांची लांबी टिपावयाची, आणि त्यांच्या जननग्रंथींचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचे. बाराही महिन्यांची नोंद असल्याशिवाय प्रजननाचे चक्र उलगडत नाही. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी येऊन खाडीची क्षारता घसरते. नेमका तोच महिना पावसाच्या भयाने चुकला, तर पुन्हा पुढल्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते. ओहोटीची वेळही रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. ती कोणासाठी थांबत नाही.

रत्नागिरीच्या खाड्यांतून ओहोटीला तिसऱ्या वेचणाऱ्या बायांना ही वेळ घड्याळावाचून कळते. विद्यार्थ्याच्या पहिल्या गुरू त्याच. आणि "पुढे काय?" ह्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्याच टोपलीत आहे. शिंपले कोणत्या महिन्यांत प्रजनन करतात, किती मोठे झाल्यावर करतात, हे कळले तर केव्हा व केवढे वेचू नयेत हेही सांगता येते; आणि पुढील वर्षीही ती टोपली भरते. १९८१ साली रत्नागिरीनजीक शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय सुरू झाल्याने ह्या विद्येस निर्वाहाची वाटही मिळाली.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढविले आणि पुढे अनेक ज्ञातींच्या मुलांसाठी वसतिगृहांस आश्रय दिला. खेड्यातील बुद्धिमान मुलगा केवळ राहावयास जागा नाही म्हणून मागे पडू नये, हा त्यातील हेतू. आज आपल्या मुलांस कोल्हापुरात जागा आहे. पण समुद्राचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास वर्षभर किनाऱ्यावर राहावयास खोली आणि महिन्याकाठी प्रवासखर्च हवा. पदकापेक्षा ह्या दोन गोष्टी त्याच्या अधिक उपयोगी.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची एवढीच विनंती की, अशा विद्यार्थ्यास "केव्हा संपणार?" असे सहा महिन्यांतच विचारू नये. त्याचे वर्ष बारा महिन्यांचेच असू द्यावे.